डीएनएला प्रश्न विचारायचा कसा?

क्षयरोगासाठी थुंकीची सीबीनॅट तपासणी, कोविडची आरटी-पीसीआर, गर्भातल्या बाळाला सिकलसेल आहे का हे पाहणारी चाचणी आणि कोर्टात सादर होणारा डीएनए अहवाल. वरवर पाहता या चारही गोष्टी एकमेकींपासून फार लांबच्या वाटतात. त्यांची यंत्रं वेगळी, तंत्रज्ञ वेगळे आणि अहवालाचे कागदही वेगळे. पण आत डोकावलं तर चारही ठिकाणी एकच घटना घडत असते. डीएनएची सुटी झालेली एक साखळी आपली जोडीदार साखळी शोधते आणि तिला चिकटते. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत डीएनए आणि आरएनए ओळखण्याची जी तंत्रं निघाली, त्यातली बहुतेक सगळी या एका गुणधर्मावर उभी आहेत.

म्हणून यंत्रांच्या नावांपासून सुरुवात करण्यापेक्षा हा गुणधर्म आधी समजून घ्यावा असं मला वाटतं. तो कळला की अहवाल वाचताना काय विचारायचं हेही कळतं. ती जोडीदार साखळी प्रयोगशाळेत माणूस ठरवून तयार करतो, म्हणजे प्रश्न आधी ठरतो आणि उत्तर मागून येतं. जो प्रश्न विचारलाच नाही, त्याचं उत्तर अहवालात नसतं.

जोडी जमवणारी चार अक्षरं

डीएनएची लिपी चार अक्षरांची आहे: ए, टी, जी आणि सी. दोन साखळ्या समोरासमोर असतात आणि त्यांच्यातली जोडी ठरलेली असते. ए समोर टीच येतो आणि जी समोर सीच येतो. आरएनए बहुधा एकेरी साखळीचा असतो आणि त्यात टीच्या जागी यू असतो. माणसाच्या जनुकीय संचात अशा सुमारे ३०० कोटी जोड्या आहेत. आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन संच जवळजवळ प्रत्येक पेशीत असतात. एका पेशीतला सगळा डीएनए सरळ ताणला तर साधारण दोन मीटर भरतो.

जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी ही दुहेरी रचना १९५३ मध्ये मांडली. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण छायाचित्रांशिवाय ती मांडणी उभी राहिली नसती. मात्र प्रयोगशाळेतल्या तंत्रांच्या दृष्टीने मला १९६० सालचं काम अधिक महत्त्वाचं वाटतं. हार्वर्डमध्ये पॉल डोटी आणि ज्युलियस मार्मर यांनी डीएनएचं द्रावण तापवलं. दोन साखळ्यांना धरून ठेवणारे बंध कमकुवत असल्याने त्या सुट्या झाल्या. मग त्यांनी द्रावण हळूहळू गार होऊ दिलं, आणि साखळ्यांनी आपापले जोडीदार शोधून पुन्हा जोड्या जमवल्या. त्यात पेशीचा किंवा एन्झाइमचा, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाचा, काहीही हात नव्हता. लागली ती फक्त उष्णता, थोडं मीठ आणि वेळ.

एखादा वीस अक्षरांचा तुकडा घ्या. चार अक्षरांपासून वीस अक्षरी रचना सुमारे १ लाख १० हजार कोटी प्रकारांनी करता येतात. माणसाचा जनुकीय संच ३०० कोटी अक्षरांचा. म्हणजे नीट निवडलेली वीस अक्षरं त्या सगळ्या पसाऱ्यात योगायोगाने दुसरीकडे कुठे सापडण्याची शक्यता फार कमी. वीस अक्षरांचा एक छोटा तुकडा कृत्रिमरीत्या बनवून डीएनएच्या द्रावणात सोडला, की तो ३०० कोटी अक्षरांमधून आपली नेमकी जागा शोधून काढतो. अशा तुकड्याला जागा दाखवण्यासाठी वापरलं तर ‘प्रोब’ म्हणतात, आणि तिथून नवी साखळी विणायला सुरुवात करण्यासाठी वापरलं तर ‘प्रायमर’.

आधी नमुना

बाहेरच्या माणसाला यंत्र दिसतं, पण प्रयोगशाळेतल्या माणसाची निम्मी काळजी नमुन्यात असते. पेशी फोडण्यासाठी साबणासारखं डिटर्जंट वापरतात, प्रथिनं पचवण्यासाठी प्रोटिनेज-के नावाचं एन्झाइम टाकतात. मग विशिष्ट क्षारांच्या उपस्थितीत डीएनए सिलिकाला चिकटवून घेतात, बाकीचा गाळ धुऊन टाकतात आणि शेवटी स्वच्छ द्रावणात डीएनए सोडवून घेतात. कोविडच्या काळात हजारो नमुने झटपट हाताळणारी यंत्रं हेच करत होती, फक्त सिलिकाचा थर चुंबकीय कणांवर होता. मिळालेला डीएनए शुद्ध आहे का, हे अतिनील प्रकाश त्यातून आरपार सोडून बघतात. २६० आणि २८० नॅनोमीटर तरंगलांबीला किती प्रकाश शोषला गेला याचं गुणोत्तर डीएनएसाठी १.८ च्या आसपास आणि आरएनएसाठी २ च्या आसपास यायला हवं.

आरएनएचं काम फार नाजूक आहे. त्याच्या साखरेवर एक जादा हायड्रॉक्सिल गट असतो, त्यामुळे साखळी स्वतःहूनही तुटू शकते. शिवाय आरएनए तोडणारी एन्झाइम्स आपल्या त्वचेवर आणि घामात असतात, आणि उकळूनही ती सहज निकामी होत नाहीत. म्हणून आरएनएच्या खोलीत हातमोजे सतत बदलले जातात, पिपेट आणि बाक वेगळे ठेवतात आणि नमुने उणे ८० अंशांवर साठवतात. नाकातला स्वॅब योग्य द्रावणात आणि थंडाव्यात प्रयोगशाळेपर्यंत पोहोचला नाही, तर तिथे कितीही महागडं यंत्र असलं तरी उपयोग होत नाही. चाचणीच्या विश्वासार्हतेवर चर्चा होते तेव्हा हा भाग बहुतेक वेळा राहून जातो.

लांबीवरून ओळख

मिळालेल्या डीएनएची लांबी मोजायची तर जेल इलेक्ट्रोफोरेसिस लागतं. समुद्री शैवालापासून मिळणाऱ्या अॅगारोजची पारदर्शक, जेलीसारखी वडी करतात, तिच्या एका टोकाला डीएनए भरतात आणि वीज सोडतात. डीएनएवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून तो धन टोकाकडे सरकतो. छोटे तुकडे जेलच्या जाळीतून पटकन पुढे जातात आणि मोठे मागे रेंगाळतात. नंतर डीएनएला चिकटणारं रंगद्रव्य टाकून अतिनील प्रकाशात पाहिलं की चमकणारे पट्टे दिसतात. तंत्रज्ञ त्यांना सरळ ‘बँड’ म्हणतात. ‘बँड आला का?’ हा प्रश्न तुम्हाला कोणत्याही जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ऐकू येईल.

पण लांबीवरून अक्षरं कशी कळणार? इथे जिवाणूंकडून मिळालेली एक देणगी कामाला येते. विषाणूंपासून बचाव म्हणून जिवाणू काही एन्झाइम्स बनवतात आणि ती डीएनए ठरावीक अक्षरक्रमावरच कापतात. ई-कोलाय जिवाणूतलं एकोआर-१ हे एन्झाइम जीएएटीटीसी हा क्रम दिसला तरच कापतं. त्यातलं एक अक्षर जरी बदललं तरी ते कापत नाही.

याचा माणसाच्या आजाराशी थेट संबंध कसा येतो, हे सिकलसेलवरून दिसतं. विदर्भातल्या अनेक जिल्ह्यांत आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात हा आजार पिढ्यानपिढ्या चालत आलेला आहे. त्याचं मूळ एका अक्षरात आहे. बीटा ग्लोबिनच्या जनुकात जीएजीच्या जागी जीटीजी येतं, म्हणजे ए जाऊन टी येतो. एवढ्यानेच हिमोग्लोबिनच्या साखळीत एक अमिनो आम्ल बदलतं आणि ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात. योगायोग असा की हे अक्षर नेमकं एमएसटी-२ या एन्झाइमच्या कापण्याच्या जागेत येतं. निरोगी जनुक तिथे कापलं जातं, सिकलसेलचं जनुक कापलं जात नाही. त्यामुळे पहिल्यात सुमारे ११५० अक्षरांचा तुकडा दिसतो आणि दुसऱ्यात सुमारे १३५० अक्षरांचा. वाहक व्यक्तीत दोन्ही बँड दिसतात. ३०० कोटींतल्या एका अक्षराचा फरक अशा रीतीने जेलवर डोळ्यांना दिसतो.

गावपातळीवरच्या सिकलसेल तपासणीत डीएनए लागत नाही. रक्ताची विद्राव्यता चाचणी आणि त्यापाठोपाठ हिमोग्लोबिनची तपासणी पुरते, आणि स्वस्तही पडते. मात्र आई-वडील दोघेही वाहक असतील आणि गर्भाची तपासणी करायची असेल तर डीएनएच लागतो. गर्भाच्या रक्तात मुख्यतः गर्भावस्थेतलं वेगळं हिमोग्लोबिन असतं आणि बीटा साखळी अजून फारशी बनतच नसते. प्रथिन अजून बनलेलं नसताना जनुक मात्र तिथे असतंच. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था अशा तपासण्यांसाठी ओळखली जाते. अर्थात आता एमएसटी-२ ची ती जुनी पद्धत मागे पडली आहे आणि पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीने, काम होतं. तिच्याकडे पुढे येऊच.

वरच्या वर्णनात एक अडचण मी बाजूला ठेवली होती. माणसाचा सगळा डीएनए एन्झाइमने कापला तर लाखो तुकडे होतात आणि जेलवर पट्ट्यांऐवजी एक सलग धूसर लकेर दिसते. त्यातला बीटा ग्लोबिनचा तुकडा ओळखायचा कसा? एडविन सदर्न यांनी १९७५ मध्ये यावर उपाय सुचवला. जेलमधला डीएनए अल्कलीने एकेरी करायचा, वर नायट्रोसेल्युलोजचा पातळ पडदा ठेवायचा, त्यावर टिपकागदांचा गठ्ठा ठेवायचा आणि द्रव वर शोषला जाताना डीएनए जागच्या जागी पडद्यावर उतरू द्यायचा. मग किरणोत्सारी खूण लावलेला प्रोब त्या पडद्यावर सोडायचा. लाखो तुकड्यांतून तो फक्त आपल्या जोडीदारावर बसतो, आणि क्ष-किरण फिल्मवर नेमका तिथेच काळा पट्टा उमटतो. दोन वर्षांनी आरएनएसाठीही अशीच पद्धत निघाली. तिच्यामुळे एखादं जनुक नुसतं आहे की नाही याच्या पुढे जाऊन, ते त्या पेशीत चालू आहे का, हेही पाहता येऊ लागलं. यकृताच्या आणि त्वचेच्या पेशीत डीएनए एकच असतो, पण आरएनए वेगळा असतो.

माणूस ओळखणं

१० सप्टेंबर १९८४ रोजी इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात अॅलेक जेफ्रीज आपल्या प्रयोगाची अशीच एक फिल्म पाहत होते. त्यांचा प्रोब जनुकसंचात अनेक ठिकाणी पुन्हापुन्हा येणाऱ्या एका क्रमावर बसत होता. त्या पुनरावृत्तींची संख्या माणसागणिक बदलते, त्यामुळे प्रत्येकाचा पट्ट्यांचा नमुना वेगळा दिसत होता. आईवडिलांचे पट्टे मुलांमध्ये वाटले गेलेले स्पष्ट दिसत होते.

काही वर्षांतच लेस्टरजवळच्या खेड्यांत १९८३ आणि १९८६ मध्ये झालेल्या दोन शाळकरी मुलींच्या खुनांच्या तपासात हे तंत्र वापरलं गेलं. पोलिसांकडे एक सतरा वर्षांचा मुलगा होता आणि त्याने एका खुनाची कबुलीही दिली होती. जेफ्रीज यांनी दाखवून दिलं की दोन्ही खून एकाच माणसाने केले आहेत आणि तो माणूस हा मुलगा नव्हे. त्यानंतर परिसरातल्या हजारो पुरुषांचे नमुने घेतले गेले. खऱ्या गुन्हेगाराने आपल्या जागी दुसऱ्याला रक्त द्यायला पाठवलं होतं. ते उघड झालं आणि १९८८ मध्ये त्याला शिक्षा झाली. गुन्हेतपासात डीएनएने पहिलं काम केलं ते निरपराधाला सोडवण्याचं, आणि ही गोष्ट आपण पुरेशी लक्षात ठेवत नाही.

भारतात हे काम लालजी सिंग यांनी हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेत उभं केलं. त्यांचा प्रोब मिळाला होता पट्टेरी मण्यार सापाच्या डीएनएतून. सापांच्या लिंग-गुणसूत्रांवर काम करताना त्यांना जीएटीए या चार अक्षरांची लांबलचक पुनरावृत्ती सापडली होती, आणि तीच पुनरावृत्ती माणसातही निघाली. सापाचा प्रोब माणसाच्या डीएनएवर बसतो, कारण जोडी जमताना अक्षरं बघितली जातात. ती कोणत्या प्राण्याची आहेत, याने काही फरक पडत नाही. केरळमधल्या तलश्शेरीच्या पितृत्वाच्या खटल्यात हा पुरावा वापरला गेला आणि भारतीय न्यायालयांत या तंत्राची वाट मोकळी झाली.

पीसीआर

या सगळ्या पद्धतींना भरपूर डीएनए लागायचा. रक्ताचा मोठा डाग मिळाला तर ठीक, पण एखाद-दुसरा केस मिळाला तर काही करता येत नसे. कॅलिफोर्नियातल्या सीटस कंपनीत काम करणाऱ्या कॅरी म्युलिस यांना १९८३ मध्ये यावर उपाय सुचला. हव्या असलेल्या भागाच्या दोन्ही टोकांसाठी एकेक प्रायमर घ्यायचा. डीएनए ९५ अंशांच्या आसपास तापवून साखळ्या सुट्या करायच्या. तापमान ५५-६० अंशांवर आणलं की प्रायमर आपापल्या जागी चिकटतात. मग ७२ अंशांवर पॉलिमरेज एन्झाइम प्रायमरपासून पुढे नवी साखळी विणतं. एका आवर्तनात एकाचे दोन होतात, पुढच्यात चार. ३० आवर्तनांनंतर हिशेबाने १०० कोटींहून अधिक प्रती तयार होतात, आणि तेही दोन-तीन तासांत.

दोन प्रायमर वापरून डीएनएच्या प्रती वाढवण्याची कल्पना त्याआधी १९७१ मध्ये हरगोविंद खुराना यांच्या प्रयोगशाळेतून केल क्लेपे आणि सहकाऱ्यांनी मांडली होती. तेव्हा ती अमलात आली नाही, आणि म्युलिस यांच्या पहिल्या प्रयोगांनाही एक अडचण होती. प्रत्येक वेळी तापवलं की एन्झाइम मरायचं. त्याचं उत्तर अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानातल्या गरम झऱ्यांतून आलं. थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांनी १९६९ मध्ये तिथल्या थर्मस अॅक्वाटिकस या जिवाणूचं वर्णन प्रसिद्ध केलं होतं. सत्तर अंशांच्या पाण्यात राहणाऱ्या या जिवाणूचं ‘टॅक’ पॉलिमरेज उकळत्या तापमानाजवळही टिकतं. निव्वळ कुतूहलापोटी झालेल्या त्या संशोधनावर आज जगभरातल्या तपासण्या चालतात.

न्यायवैद्यक प्रयोगशाळाही पीसीआरकडे वळल्या. आता एसटीआर म्हणजे चार-पाच अक्षरांच्या छोट्या पुनरावृत्ती तपासतात. ठरावीक जागांवर प्रत्येकाचे दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला आणि एक वडिलांकडून. अमेरिकेत २०१७ पासून अशा २० जागा पाहिल्या जातात. एकट्या जागेवरचा आकडा शेकडो लोकांशी जुळेल, पण वीसही जागांवर जुळणं एकसारख्या जुळ्या भावंडांशिवाय जवळपास अशक्य आहे.

पण ‘जुळला’ या शब्दाने नेमकं किती सिद्ध होतं? जर्मनीत हाइलब्रॉन शहरात २००७ मध्ये एका महिला पोलिसाचा खून झाला. तिथे सापडलेला डीएनए एका अनोळखी बाईचा होता, आणि तोच डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या सुमारे ४० गुन्ह्यांच्या ठिकाणी मिळत होता. खुनापासून क्षुल्लक चोरीपर्यंत सगळीकडे तीच बाई. २००९ मध्ये उलगडा झाला. तो डीएनए नमुने गोळा करायच्या कापसाच्या काड्या बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगार बाईचा होता. काड्या निर्जंतुक होत्या, पण निर्जंतुक केल्याने जिवाणू मरतात, डीएनए नाहीसा होत नाही. प्रत्येक वेळी आकडे अचूक जुळले होते. चाचणीला विचारलेला प्रश्न ‘हा डीएनए कोणाचा?’ एवढाच होता. तो तिथे कसा आला, हे कोणतीही पीसीआर सांगू शकत नाही. पीसीआरची ताकद आणि धोका एकाच गोष्टीतून येतात, ती म्हणजे एका रेणूच्या कोट्यवधी प्रती करण्याची क्षमता. म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत पीसीआरची तयारी एका खोलीत आणि तयार झालेल्या प्रतींची हाताळणी दुसऱ्या खोलीत होते. शिवाय प्रत्येक फेरीत डीएनए न टाकलेली एक नळी चालवली जाते. त्या नळीतही बँड आला तर सगळी फेरी बाद.

आरएनए आणि सीटी व्हॅल्यू

टॅक पॉलिमरेज डीएनएची नक्कल करतं, पण करोना विषाणूचा जनुकसंच आरएनएचा आहे, सुमारे ३० हजार अक्षरांचा. मध्ये एक पायरी लागते. आरएनएवरून डीएनए बनवणारं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे एन्झाइम १९७० मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे शोधलं. आरटी-पीसीआरमधला ‘आरटी’ तो. ३० जानेवारी २०२० रोजी जाहीर झालेला भारतातला पहिला रुग्ण, वुहानहून केरळात परतलेली विद्यार्थिनी, याच तंत्राने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत निश्चित झाला.

या चाचणीत जेल लागत नाही. दोन प्रायमरांच्या मधे एक प्रोब बसतो. त्याच्या एका टोकाला चमकणारं रसायन असतं आणि दुसऱ्या टोकाला ती चमक गिळणारं. नवी साखळी विणत येताना पॉलिमरेज त्या प्रोबचे तुकडे करतं, दोन्ही टोकं दूर जातात आणि नळी चमकू लागते. कितव्या आवर्तनाला ही चमक ठरलेली पातळी ओलांडते, तो आकडा म्हणजे सीटी व्हॅल्यू. नमुन्यात विषाणूचा आरएनए जितका जास्त, तितका हा आकडा लहान. आवर्तनागणिक प्रती दुप्पट होतात, म्हणून दहाच्या फरकाला जवळपास हजार पटींचा अर्थ आहे.

एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या धामधुमीत, महाराष्ट्र सरकारने आयसीएमआरला, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला, विचारलं होतं की पॉझिटिव्ह ठरवण्याची मर्यादा ३५ वरून २४ वर आणावी का. आयसीएमआरने नकार दिला, आणि तो मला योग्य वाटतो. ३५ आणि २४ मध्ये ११ आवर्तनांचा, म्हणजे सुमारे दोन हजार पटींचा फरक आहे. तो फरक मधल्या लोकांचा आजार पुसत नाही. स्वॅब कोणी घेतला, संसर्गाच्या कितव्या दिवशी घेतला आणि तो प्रयोगशाळेपर्यंत कसा आला, यानेही आकडा वरखाली होतो. घरोघरी लोक सीटी व्हॅल्यू वाचून आजाराची तीव्रता ठरवत होते, आणि त्या काळजीचं मला वाईट वाटायचं. तो आकडा फुप्फुसाची अवस्था सांगतच नाही.

आणखी एक गोष्ट अहवालात दिसत नाही. चांगल्या कोविड चाचणीत माणसाच्याच एका जनुकाचाही प्रायमर असतो. तो चमकला नाही, तर स्वॅबवर पेशीच आलेल्या नाहीत असं समजतात, आणि तेव्हा ‘निगेटिव्ह’ म्हणण्याऐवजी नमुना पुन्हा मागवावा लागतो.

क्षयरोग: न चिकटणं हेच उत्तर

क्षयाचा जिवाणू फार सावकाश वाढतो. कल्चर पद्धतीत, म्हणजे थुंकीतले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहताना, निगेटिव्ह म्हणायला सहा आठवडे वाट बघावी लागते. सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसायला मिलीलिटर थुंकीत काही हजार जिवाणू लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये मान्यता दिलेली जीन-एक्सपर्ट चाचणी, म्हणजे आपल्याकडची सीबीनॅट, मिलीलिटरमध्ये सुमारे १३० जिवाणू असले तरी ओळखते आणि दोन तासांत उत्तर देते. गोव्यातल्या मोलबायो कंपनीची ट्रूनॅट हीसुद्धा पीसीआरच आहे. ती छोट्या चिपवर आणि बॅटरीवर चालते, त्यामुळे वातानुकूलित खोली नसलेल्या आरोग्य केंद्रातही वापरता येते. जागतिक आरोग्य संघटनेने तिला २०२० मध्ये मान्यता दिली.

सीबीनॅट रिफाम्पिसिन औषधाचा उपयोग होईल का हेही सांगते, आणि ज्या युक्तीने सांगते ती मला अतिशय सुंदर वाटते. या औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंपैकी सुमारे ९५ टक्क्यांमध्ये आरपीओबी या जनुकाच्या ८१ अक्षरांच्या एका छोट्या भागात बदल झालेला असतो. त्या ८१ अक्षरांवर पाच प्रोब बसवले आहेत, सगळे मूळ, न बदललेल्या क्रमाचे. पाचही चमकले तर औषध चालेल. एखादा चिकटलाच नाही, तर तिथलं अक्षर बदललं आहे.

मग उरलेले पाच टक्के? एस्वातिनी या आफ्रिकी देशात क्षयाच्या अशा जिवाणूंचा मोठा गट सापडला, ज्यांच्यातला बदल त्या ८१ अक्षरांच्या बाहेर होता. पाचही प्रोब चमकत होते, चाचणी ‘औषध चालेल’ म्हणत होती, आणि औषध चालत नव्हतं. यंत्रात काहीही बिघाड नव्हता. त्या जागेबद्दल त्याला विचारलंच नव्हतं.

याच कारणाने क्षयाचे उपचार चालू असताना जिवाणू मेले का हे पाहायला सीबीनॅट वापरत नाहीत. मेलेल्या जिवाणूचा डीएनएसुद्धा काही काळ थुंकीत येत राहतो आणि प्रायमर त्यावरही तितक्याच निष्ठेने चिकटतो. उपचार पूर्ण करूनही चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरलेल्या रुग्णाला हे कोणीतरी समजावून सांगायला हवं.

सगळंच वाचून काढायचं तर

आधी प्रश्न ठरवावा लागतो, ही मर्यादा ओलांडायची तर अक्षरं एकामागून एक वाचायला हवीत. फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ मध्ये त्याचा मार्ग दाखवला. नवी साखळी विणताना मिश्रणात थोडी ‘बिघडवलेली’ अक्षरं टाकायची. असं अक्षर जोडलं गेलं की साखळी तिथेच थांबते. मग प्रत्येक अक्षरापाशी थांबलेले सगळ्या लांबीचे तुकडे मिळतात. ते जेलवर लांबीनुसार लावले आणि प्रत्येक तुकड्याचं शेवटचं अक्षर कोणतं ते पाहिलं, की क्रम वाचता येतो. मानवी जनुकसंच प्रकल्पाने १९९० ते २००३ अशी तेरा वर्षं मुख्यतः या तत्त्वावर काम केलं. त्यातूनही काही अवघड भाग राहिले होते. ते २०२२ मध्ये पूर्ण झाले.

चेन्नईत जन्मलेले शंकर बालसुब्रमण्यन आणि डेव्हिड क्लेनरमन यांनी केंब्रिजमध्ये विकसित केलेल्या पद्धतीने वेग कित्येक पटींनी वाढला. काचेवर कोट्यवधी तुकडे चिकटवतात आणि प्रत्येक फेरीत सगळ्यांवर एकेक रंगीत अक्षर जोडून फोटो काढतात. एका वेळी प्रत्येक तुकड्याची दीडशे-दोनशे अक्षरंच वाचली जातात, म्हणून ती संगणकाने जोडावी लागतात. एकाच पोथीच्या शंभर प्रती बारीक फाडून ढीग केला आणि एकावर एक येणाऱ्या ओळी जुळवत मूळ पोथी उभी केली, तसं हे काम आहे. पुनरावृत्तीचे भाग म्हणूनच अवघड जातात. एकसारख्या ओळींपैकी कोणती कुठली, हे छोट्या तुकड्यावरून कळत नाही. नॅनोपोर पद्धतीत अखंड लांब साखळी एका सूक्ष्म छिद्रातून ओढतात आणि प्रत्येक अक्षरसमूह जाताना विजेचा प्रवाह कसा बदलतो त्यावरून अक्षरं ओळखतात. तिथे हा गोंधळ बराच कमी होतो, आणि आरएनएसुद्धा डीएनएत न बदलता थेट वाचता येतो.

डिसेंबर २०२० मध्ये भारतातल्या प्रयोगशाळांचं इन्साकॉग हे जाळं उभं राहिलं ते करोना विषाणूच्या अशाच वाचनासाठी. महाराष्ट्रातल्या नमुन्यांत बी.१.६१७ हा वंश ओळखला गेला. मार्च २०२१ मध्ये त्यातल्या एल४५२आर आणि ई४८४क्यू या दोन बदलांमुळे वर्तमानपत्रांत ‘डबल म्युटंट’ असे मथळे झळकले. आरटी-पीसीआर तेव्हाही पॉझिटिव्ह येतच होती, पण तिच्या अहवालात या बदलांची काहीच खूण नव्हती, कारण तिचे प्रायमर दुसऱ्या जागांवर बसत होते.

मात्र वाचनाने अक्षरं कळतात. त्या अक्षरांनी काय घडतं हे त्यातून आपोआप कळत नाही. पुढे जगभर पसरलेली या वंशाची शाखा, जिला डेल्टा नाव मिळालं, तिच्यात ई४८४क्यू हा बदल नव्हताच. ती वेगाने पसरते हे कळलं ते आठवड्या-आठवड्याला नमुन्यांतलं तिचं प्रमाण मोजत गेल्यावर. आणि तिच्यातल्या पी६८१आर या बदलाने विषाणूला पेशीत शिरणं सोपं केलं, हे प्रयोगशाळेत पेशींवर विषाणू वाढवून दाखवावं लागलं. मार्चच्या मथळ्यांमध्ये त्या बदलाचं नाव क्वचितच आलं होतं.